बोट निघाली हायवेने

प्रश्न : ह्यूस्टनहून आमची 22 फुटी बोट ट्रेलरवर घालून वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन हुआन बेटांकडे न्यायची आहे. उन्हाळाभर मनाला येईल तसं भटकायचं. काय तयारी करावी?

उत्तर : आधी रुंदी मोजा, 8 फूट 6 इंचांहून जास्त भरली तर वाटेतल्या राज्यांचे परवाने लागतील. चाकांच्या बेअरिंगना नवं ग्रीस भरा. प्रत्येक थांब्यावर हब चाचपा. चटका बसला तर पुढे जाऊ नका. बोट रिकामी, कोरडी करूनच निघा. आयडाहोत तपासणी नाका लागला की थांबणं सक्तीचं. कारण टेक्सासच्या तलावांतले झेब्रा शिंपले बोटीबरोबर तिकडे जायला नकोत. बेटांत मुक्काम खुशाल बदला, भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र पाळा. चिंचोळ्या सामुद्रधुन्यांत ओढ जबर असते. कॅनडाच्या बेटांवर जायचं तर पासपोर्ट घ्या आणि पोहोचताच सीमा अधिकाऱ्यांना कळवा.