कांडी स्वस्त, माज महाग

गोठ्याच्या वहीतलं मागच्या सालचं एक पान मी कोपरा दुमडून ठेवलंय. तांबडी, म्हणजे आमची जर्सी संकरित गाय, तीन वेळा भरवली आणि तिन्ही वेळा उलटली. चौथ्यांदा गाभ गेली. खाजगीत घरी येऊन भरवायचे २०० रुपये पडायचे, म्हणजे चार वेळचे ८०० झाले. त्या ८०० रुपयांवरून घरात कुरकुर झाली, तेव्हा मी खाली दुसरी बेरीज मांडली. तीन माज वाया गेले, एका माजाचे २१ दिवस, म्हणजे ६३ दिवस. गाईचा चारा-पेंड रोजचा १८० रुपये. ६३ गुणिले १८० म्हणजे ११,३४०.

म्हणाल, त्या दिवसांत गाय दूध देतच होती ना? देत होती. तोटा त्या दिवसांत दिसत नाही, तो वेताच्या शेवटी येतो. पुढचं वेत दोन महिने लांबलं की आटत आलेली गाय तेवढे दिवस जास्त सांभाळावी लागते. दूध लिटर-दीड लिटरवर आलेलं असतं आणि खाणं काही तेवढं कमी होत नाही. म्हणून भरवण्याचा खर्च विचारताना कांडीचा भाव शेवटी विचारा. आधी विचारा की या कांडीत जिवंत काय आहे, आणि ते गाईपर्यंत जिवंत पोहोचणार का.

कांडी म्हणजे पाव मिलिलिटरची बारीक नळी. देशातल्या रेत केंद्रांना केंद्र सरकारचे किमान निकष पाळावे लागतात. त्यानुसार साध्या कांडीत २ कोटी शुक्राणू भरतात आणि वितळवल्यावर त्यातले निदान ५० टक्के हलते असावे लागतात. म्हणजे निम्मे गोठवतानाच गेले तरी ती कांडी पास होते. यात फसवणूक नाही. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि तिचं आवरण फाटतं. १९४९ मध्ये लंडनमधल्या मिल हिल इथे ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉलमुळे कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जगतात असं आढळलं, ते म्हणे बाटलीवरची चिठ्ठी चुकल्यामुळे. आज गावोगाव फिरणारा नायट्रोजनचा डबा त्या चुकीचंच देणं आहे. रेड्याचे शुक्राणू गोठवणं जास्त नाजूक असतं. म्हशी उलटण्यात त्याचा थोडा वाटा आहे, बाकीचा वाटा उन्हाळ्यातल्या मुक्या माजाचा.

डब्यात उणे १९६ अंश असतात. खरं नुकसान डब्याच्या तोंडाशी होतं, आणि ते तुम्ही स्वतः उभं राहून बघू शकता. माझ्याकडे येणारा माणूस कांड्यांचा अख्खा जुडगा गळ्याच्या वर काढायचा, उन्हात धरून नंबर वाचायचा, नको ती कांडी परत खाली टाकायचा. आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जुडगा वर राहिला की आतल्या कांड्या तापायला लागतात. परत बुडवल्या तरी मेलेले शुक्राणू उठत नाहीत. बाहेरून कांडी तशीच दिसते, पुढच्या गोठ्यात तशीच विकली जाते. काढलेली कांडी तो खिशात घालायचा आणि दोन तळव्यांत चोळायचा. खरी रीत अशी: ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, मग पुसून कोरडी करून गनमध्ये. पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. वितळलेली कांडी दहा-पंधरा मिनिटांत वापरावी. एक थर्मास आणि एक थर्मामीटर ठेवायला कितीसे पैसे लागतात? मी दोन्ही गोठ्यातच ठेवलेत. आलेला माणूस त्यांच्याकडे बघून हसला तर पुढच्या वेळी दुसरा बोलवायचा.

आता दर. सरकारी दवाखान्यात भरवण्याचं शुल्क नाममात्र असतं, चालू आकडा दवाखान्याच्या फलकावर बघा आणि पावती मागा. २०१९ पासून केंद्राच्या मोहिमेत कृत्रिम रेतनाचं प्रमाण कमी असलेल्या जिल्ह्यांत घरपोच मोफत रेतन होतं. त्यासाठी जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला हवा. साधी कांडी ही दोन आकडी रुपयांची वस्तू आहे. खाजगीत तुम्ही जास्त मोजता ते येण्याजाण्याचे आणि वेळेवर येण्याचे. वेळेवर येणं मात्र मोलाचं आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माजावर गळणारा सोट काचेसारखा स्वच्छ हवा. तो गढूळ किंवा पुवाचा असेल तर त्या माजाला गाय भरवूच नका, आधी डॉक्टर बोलवा. तिथे कांडी घालणं म्हणजे पैसे गटारात.

लिंगनिश्चित कांडीचा हिशेब वेगळा. गोवंशात मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत नर वासरू देणाऱ्यापेक्षा सुमारे ३.८ टक्के जास्त डीएनए असतो. रंग लावून, लेझरखालून एकेक शुक्राणू सोडून यंत्र ते वेगळे काढतं. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या लॉरेन्स जॉन्सन यांनी १९८९ मध्ये सशांवर हे करून दाखवलं. शंभर वासरांत नव्वदच्या आसपास कालवडी होतात. पण एकेक शुक्राणू निवडायचा म्हटल्यावर कांडीत भरतात साधारण २० लाखांच्या घरात, आणि यंत्रातून गेलेला शुक्राणू दमलेला असतो. म्हणून गाभ जाण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी येतं.

राज्य सरकारने मंजूर केलेल्या योजनेत अशा कांडीची किंमत ५७५ रुपये धरली होती. केंद्र, राज्य आणि दूध संघ यांनी बहुतेक पैसे भरून पशुपालकाला ती सेवाशुल्कासह ८१ रुपयांत द्यायची असं ठरलं होतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशी तंत्रज्ञानाच्या लिंगनिश्चित कांडीचं उद्घाटन केलं, तेव्हा एका कांडीमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं सांगितलं गेलं. तुमच्या संघात आज काय भाव लागतो ते सचिवांना विचारा. योजनेची कांडी असूनही पूर्ण पैसे घेणारे भेटतात.

घ्यावी का? आकडे धरून बघू. साध्या कांडीने शंभरात ४० गाई गाभण राहतात, लिंगनिश्चितने ३०, असं समजा. साध्या शंभर कांड्यांत २० कालवडी होतील, दुसऱ्या शंभरात २७. साधी २०० रुपयांना भरवली तर एका कालवडीला कांडीखर्च १,००० रुपये. लिंगनिश्चित खाजगीत ६०० ला घेतली तर २,२२० च्या आसपास, ८१ ला मिळाली तर फक्त ३००. पण वाया गेलेले माज धरले तर लिंगनिश्चितमध्ये दर गाभणीमागे सतरा-अठरा दिवस जास्त जातात. माझ्या १८० रुपयांच्या चाऱ्याने ते ३,१५० होतात. तेव्हा ८१ रुपयांचं आकर्षण जरा आवरा. ही कांडी पहिलटकर कालवडींना द्या, किंवा वेळेवर माजावर येणाऱ्या, पहिल्या-दुसऱ्या कांडीत लागणाऱ्या गाईंना. उलटणाऱ्या गाईला ती देणं मला उधळपट्टी वाटते, मग संघाचा माणूस काहीही म्हणो.

गावचा वळू किंवा रेडा स्वस्त वाटतो, कारण त्याचा खर्च कुणी मांडत नाही. रोजचा २५० रुपयांचा खुराक धरला तर वर्षाला ९१,२५०. वर्षात २५ गाई-म्हशी भरवल्या तर एकीमागे ३,६५० झाले. ते तुम्ही देत नसाल तर कुणीतरी देतंय. शिवाय एका गोठ्यातून दुसऱ्यात जाणारा वळू व्हिब्रिओसिस, ट्रायकोमोनियासिससारखे रोग घेऊन फिरतो, आणि ब्रुसेला तर माणसालाही होतो. रेत केंद्रातल्या वळूंच्या या तपासण्या ठरावीक काळाने होतात, केंद्रांनाही श्रेणी मिळते. गावच्या वळूचं कोण तपासतो?

ठेवायचाच असेल तर तपासून ठेवा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांचा मापदंड विदेशी जातींसाठी आहे, तरी उपयोगी पडतो: दोन वर्षांवरच्या वळूच्या अंडकोषाचा घेर निदान ३४ सेंटिमीटर, निदान ३० टक्के शुक्राणू हलते, निदान ७० टक्के आकाराने धड. घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. बाकीचं परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर यांपैकी जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारा. तारीखही नीट निवडा. वळूचा एक शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस लागतात आणि बाहेर पडायला वर आठ-दहा. मे महिन्यात वळू उन्हात बांधला तर त्याची फळं जुलैत दिसतात. पावसाळा लागला, गारवा आला, तरी गाई का उलटतात, याचं उत्तर कधीकधी दोन महिने मागे असतं.

सूक्ष्मदर्शकही सगळं सांगत नाही. फ्लेकफी जातीच्या काही वळूंचे शुक्राणू दिसायला धडधाकट, हलायला चपळ, पण गाभ जाण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दोष शोधला: टीएमईएम-९५ नावाच्या जनुकात. असा शुक्राणू बीजाशी जुळतच नाही. काही दोष कांडीत शुक्राणू वाढवून भरून निघतात, काही निघतच नाहीत. हा दोष दुसऱ्या प्रकारचा. म्हणून वहीत गाईच्या नावापुढे वळूचा नंबर लिहून ठेवा, तो कांडीवर छापलेला असतो. रिकामी नळी मागून घ्या. एकाच नंबरच्या तीन-चार गाई उलटल्या तर तुमच्या गाईंना नावं ठेवण्याआधी तो नंबर संघाला कळवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक बोलवता येतं. गाभण तपासणी हाताने दोन-तीन महिन्यांनी करून घ्या, सोनोग्राफी असेल तर महिन्याभरातच कळतं.

शेळ्यांचं थोडक्यात. एका बोकडाला बऱ्याच शेळ्या असतात, त्यामुळे बोकड वाईट निघाला तर अख्ख्या कळपाचं वेत बुडतं. विकत घेताना दोन्ही अंडकोष सारखे, टणक आणि हलवल्यावर सैल फिरणारे आहेत का ते हाताने बघा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत शेळ्यांच्या गोठित रेतावर काम झालंय. मोठा कळप असेल तर तिकडे चौकशी करा.

आमच्या तांबडीचं काय झालं? चौथ्या माजाला एक नवीन डॉक्टर आल्या. आल्याआल्या त्यांनी डब्यात लाकडी पट्टी घातली, नायट्रोजन किती आहे ते बघितलं, मग विचारलं, “दादा, थर्मासमधलं पाणी किती गरम आहे?” थर्मामीटर लावलं तर ४१ होतं. गार पाणी मिसळून ३७ वर आणलं, मग कांडी बाहेर काढली. गाय लागली. नऊ महिन्यांनी व्याली, तीही दिवसा, सगळ्यांच्या देखत.

गोऱ्हाच झाला.