कलकलाटातलं ऐकणं

गेली अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या सभा ऐकून पोट भरते. सोसायट्यांच्या वार्षिक सभा, परिसंवाद, मुलाखती, जे येईल ते. लोक रेकॉर्डिंग पाठवतात, मी हेडफोन लावून शब्दन् शब्द टाइप करून देते. एकटा माणूस बोलत असला तर तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार तास पुरतात. गच्चीच्या गळतीचा विषय निघाला आणि पंधरा सभासद एकदम उठले, की तेवढ्याच रेकॉर्डिंगला अख्खा दिवस जातो. त्या दिवसांनी जे शिकवलं ते इथे लिहिते आहे. निम्मं श्रेय आईचं; तिला अलीकडे कमी ऐकू येतं.

१. रेकॉर्डिंगला दिशा कळत नाही.

सभेत बसलेल्यांना सगळं कळतं, मग मलाच का कळत नाही, असं पूर्वी वाटायचं. एकदा आमच्याच सोसायटीच्या सभेला बसले. लिफ्टवरून जुंपली, तरी कोण काय म्हणालं ते मला नीट कळत होतं. घरी येऊन टेबलावरच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं, तर नुसता कालवा! डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो; तो प्रत्येक आवाज आपापल्या खुर्चीवर बसवतो. फोनमध्ये मात्र सगळे आवाज एकाच ढिगात पडतात. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच माणसाच्या आवाजातले दोन उतारे एकत्र ऐकवले होते. ते वेगळे करताना ऐकणाऱ्यांची दमछाक झाली. काही भाग दहा-वीसदा ऐकावे लागले. तेच उतारे दोन कानांत वेगवेगळे सोडल्यावर हवा तो सहज धरता आला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगते, एका फोनवर विसंबू नका, टेबलाच्या दोन टोकांना दोन ठेवा.

२. आवाज वाढवला की गोंधळही वाढतो.

नवशिकेपणी मी बटण कमाल टोकाला नेऊन ठेवायची. त्याने हवा तो आवाज मोठा होतो आणि नको तेही. आईला श्रवणयंत्र घेतलं तेव्हा हाच धडा पुन्हा मिळाला. तपासणीच्या शांत खोलीत ती खूश होती. घरी मिक्सर, कुकरची शिट्टी आणि आम्ही तिघी बहिणी एकदम सुरू झालो, तशी तिने यंत्र काढून डबीत ठेवलं. समोरच्याचा आवाज उचलून धरणारी यंत्रं आता मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण आधी मिक्सर बंद करावा. तो उपाय फुकट आहे.

३. आधी माणसं ओळखावीत.

पहिली दहा मिनिटं मी काहीच टाइप करत नाही. कोणाचा आवाज जाड, कोण अनुनासिक, कोण वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावतं, एवढंच कागदावर टिपते. बाई आणि पुरुष एकदम बोलले तर सोडवता येतं. दोन सख्खे भाऊ भांडायला लागले, की देवच वाली.

४. साच्यातली वाक्यं फसवतात.

‘सर्वानुमते मंजूर’, ‘सभासदांच्या हितासाठी’, ‘याची नोंद घ्यावी’ ही वाक्यं कितीही गोंगाटात ऐकू येतात, कारण अर्धं ऐकलं की उरलेलं मनच पुरं करतं. ती म्हणाली कोणी, हे मात्र कळत नाही. कोणाच्याही तोंडी ती शोभतात. चेरींनीही असे गुळगुळीत वाक्प्रचार जोडून दोन उतारे केले होते. ऐकणाऱ्यांना तुकडे अख्खे सापडले, पण कुठला कुठल्या उताऱ्यातला हे सांगता येईना. सरळ, स्वतःच्या शब्दांत बोलणारा माणूस गर्दीतही वेगळा ऐकू येतो.

५. आकडा आला की थांबावं.

एका सोसायटीच्या इतिवृत्तात मी रंगकामाची आगाऊ रक्कम ‘आठ हजार’ लिहिली. होती साठ हजार. पुढच्या सभेत त्यावर अर्धा तास वाद झाला आणि माझं ते काम गेलं. स, श, फ हे आवाज बारीक आणि दुबळे; कोणी खुर्ची सरकवली तरी बुडतात. मागचा ‘आठ’ तेवढा शिल्लक राहतो. वय झालं की नेमके हेच उंच पट्टीतले आवाज आधी कमी होतात. म्हणून आई म्हणते, “ऐकू येतंय गं, कळत नाहीये.” ती बरोबर सांगत असते.

६. ओठ बघावेत.

गोंगाटात ‘मामा आले’ आणि ‘नाना आले’ कानाला सारखंच लागतं. पण ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, ‘न’ म्हणताना उघडे राहतात. कोरोनाच्या दिवसांत मास्क आले आणि आई एकदम बहिरी झाल्यासारखी वाटायला लागली. तिचे कान होते तसेच होते, आमची तोंडं झाकली गेली होती. आता जेवताना तिला खिडकीकडे पाठ करून बसवतो, म्हणजे उजेड आमच्या तोंडांवर पडतो.

७. नाव घ्यावं, मग क्षणभर थांबावं.

गर्दीत आपलं नाव कोणी घेतलं तर कान टवकारतात म्हणतात. ते अर्धंच खरं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ साली हे तपासलं, तेव्हा लक्ष नसलेल्या कानात पडलेलं स्वतःचं नाव साधारण तिघांतल्या एकालाच जाणवलं. म्हणून “आई” म्हणावं, तिने मान वळवली की मगच पुढचं वाक्य.

८. ‘काही नाही’ म्हणू नये.

माझ्या कामात न कळलेल्या जागी अंदाजाने शब्द भरायचा नसतो. तिथे ‘अस्पष्ट’ असं लिहायचं असतं. आईला घरात ही सोय नव्हती. तिने “काय झालं?” विचारलं की आम्ही “काही नाही गं” म्हणून पुढे जायचो. मग तिने विचारणंच सोडलं. सगळे हसले की तीही हसायची, एक क्षण उशिरा. तो एक क्षण माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, आणि ऐकण्याचा धंदा माझा!

एकदा मी कामाला बसले असताना ती शेजारी येऊन पडद्याकडे बघत होती. “हे ‘अस्पष्ट’ म्हणजे काय गं?” मी समजावलं. तिने मान हलवली आणि ती आत गेली.

पुढच्या रविवारी जेवताना आम्ही तिघी एकदम बोलत होतो. तिने आमटीची वाटी खाली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अस्पष्ट!”

आम्ही गप्प झालो. मग धाकटीने पहिल्यापासून सांगितलं. एकटीने.