कांद्यावरची निर्यात ड्यूटी शेवटी कोणाच्या खिशातून जाते?

व्हिडिओत रिकार्डोचं उदाहरण पाहिलं, त्याचे आकडे वहीत उतरवून घ्या. 1817 च्या पुस्तकात डेव्हिड रिकार्डो सांगतो : ठरावीक कापड बनवायला इंग्लंडला वर्षभर 100 माणसं लागतात, पोर्तुगालला 90. वाइनला इंग्लंडला 120, पोर्तुगालला 80. पोर्तुगाल दोन्हीत सरस! तरी त्याने कापड विकतच घ्यावं, कारण 80 माणसांची वाइन देऊन 90 माणसांचं कापड पदरात पडतं. इंग्लंडचाही फायदाच. म्हणजे ‘हे मला जमतं’ एवढ्यावर धंदा निवडायचा नाही. त्याच वेळात दुसरं काय कमावलं असतं, ते बघायचं.

पण रिकार्डोच्या या हिशोबात ड्यूटी नाही. लासलगावच्या व्यापाऱ्याच्या हिशोबात असते. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये थेट बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनामागे 550 डॉलर किमान दराची अट राहिली. सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शून्य.

आता गणित करू. समजा, जहाजावर चढवलेल्या कांद्याला परदेशी ग्राहक किलोला 40 रुपये देतो. पॅकिंग, वाहतूक, तुमचा नफा मिळून 10. शेतकऱ्याला 30 देता येतात. 40 टक्के शुल्क म्हणजे 16 रुपये गेले; उरले 14! ग्राहकाकडून जास्त मागाल, तर तो पाकिस्तानचा कांदा घेईल. त्यामुळे कागदावर ड्यूटी निर्यातदार भरतो, पण भाव पडतो तो बांधावर.

यात सगळ्यांचंच नुकसान होतं असंही नाही हं. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा, हाच सरकारचा हेतू असतो. आणि कांदा वाळवून पावडर करणाऱ्याला कच्चा माल स्वस्त पडतो. सप्टेंबर 2020 च्या बंदीतून तर कापलेला आणि पावडर केलेला कांदा वगळलेलाच होता. एकाच आदेशाने एकाचा कंटेनर अडकला, शेजाऱ्याचा सुटला.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी मालाचा एचएस कोड काढा, त्यावरची डीजीएफटीची ताजी अधिसूचना आणि कस्टम्सचा शुल्कदर तपासा. करारात एक ओळ हवीच : मध्येच शुल्क बदललं, तर ते कोण भरणार? पुढच्या व्हिडिओत हा कोड शोधायला शिकू; तोवर तुमचा माल कोणता, ते कमेंटमध्ये लिहा.