डोरायाकी मागणाऱ्या मुलांसाठी

डोरेमॉन हे जपानी कार्टून पाहून मूल त्यातली डोरायाकी मागतं आणि ताटातली गवार मात्र बाजूला सारतं, ही तक्रार घेऊन बरेच आईबाबा येतात. माझं सांगणं असतं, की हे मागणं उडवून लावू नका. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात. तो वाढीचा टप्पा आहे, त्याला हट्टीपणा म्हणू नये. अशा वयात मूल आपणहून परक्या पदार्थाचं नाव घेत असेल, तर त्या कुतूहलाचा उपयोग करून घ्यावा.

सुरुवात पुस्तकापासून करा. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं, की चित्रपुस्तकात आधी पाहिलेली भाजी लहान मुलं अधिक तयारीनं चाखतात. जपानमध्ये १९६३ पासून वाचलं जाणारं ‘गुरी आणि गुरा’ हे चित्रपुस्तक यासाठी छान आहे. त्यातल्या दोन उंदरांना भलंमोठं अंडं सापडतं आणि ते जंगलातल्या सगळ्यांसाठी केक करतात. मूल थोडं मोठं असेल तर ‘तोत्तोचान’ वाचून दाखवा. ते मराठीत आहेच. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी पालकांना एवढंच सांगतात, की डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी द्या. ज्याच्या डब्यात एखादी गोष्ट नसेल, त्याला मुख्याध्यापकांच्या पत्नी आपल्याजवळच्या भांड्यातून ती वाढतात. प्रथिनं-जीवनसत्त्वांवर व्याख्यान नाही, कुणाला रागावणं नाही. संतुलित आहार शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. हाच खेळ घरच्या ताटावर खेळा. मेथी कुठली, बांगडा कुठला, आणि मीठ? मिठावर मुलांना मनसोक्त वाद घालू द्या.

मग हात कामाला लावा. ओनिगिरी म्हणजे भाताचा दाबून केलेला मुटका. त्याला आपला इंद्रायणी तांदूळ उत्तम, कारण तो शिजल्यावर चिकट होतो. भात कोमट झाला की मुलांनी हात स्वच्छ धुवावेत, तळवे ओले करावेत, मधे कुस्करलेलं गाजर किंवा काटे काढलेला मासा ठेवावा आणि त्रिकोण वळावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे जमतं. आकार वेडावाकडा आला तरी सुधारायला जाऊ नका. हाताळलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवू नका, लगेच खा. नोरी, म्हणजे वरून लावायचं समुद्रशेवाळ, टाळूला चिकटतं; त्याचे बारीक तुकडे करूनच द्या. डोरायाकीच्या दोन गोड धिरड्यांमध्ये लाल अझुकी शेंगांच्या दाण्यांचं गोड सारण असतं, आपल्या पुरणासारखंच. घरी पुरण भरून केलं तर साखर आपल्या हातात राहते.

चाखायची सक्ती नको. नुसता वास घेतला, जिभेला लावून थुंकलं, तरी त्या दिवसापुरतं पुरे. नवी चव पटायला दहा-पंधरा वेळाही लागतात.

काही पथ्यं मात्र काटेकोर पाळा. पाच वर्षांखालच्या मुलांना कच्चा मासा नको. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे अडीच ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसालाही दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमीच मीठ सांगितलेलं आहे. तेव्हा मुलांना थेंबभरच, आणि इन्स्टंट रामेनचा मसाला जवळजवळ नाहीच. शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं, की मिसो सूपच्या पाण्यात बहुधा मासा उकळलेला असतो. तांदळाची चिकट मोची आणि भाजलेले अख्खे सोयाबीन घशात अडकतात. अख्खे कडक दाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा जपानचं सरकारच देतं. सोया, गहू, अंडं, मासे, तीळ किंवा सोबा नूडल्समधला कुट्टू यांपैकी कशाचीही ॲलर्जी होऊ शकते, आणि सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो. म्हणून एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोडासा द्या. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या.