खाणीचे तांबडे पाणी आणि चुना

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल येथील व्हील जेन ही कथिलाची खाण 1991 साली बंद झाली. खाण बंद म्हणून पंपही बंद. पाणी चढत गेले आणि जानेवारी 1992 मध्ये सुमारे 5 कोटी लिटर आम्लयुक्त पाणी कार्नन नदीत फुटले. खाडीपर्यंत नारिंगी रंग!

खडकातील गंधकयुक्त लोखंडाला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. तेच जस्त, कॅडमियम, आर्सेनिक विरघळवून आणते.

उपाय चुन्याचा. 2000 पासून तेथे पाण्यात चुन्याचे दूध मिसळून हवा देतात. लोखंड आधी खाली बसते, आर्सेनिकही त्याला चिकटून जाते. जस्तासाठी सामू 9 च्या आसपास न्यावा लागतो. थोडा गाळ पुन्हा फिरवतात, म्हणजे तो घट्ट होतो व जागा कमी अडते. पंप मात्र आजही चालूच आहेत.

मुलामा देणाऱ्या कारागीर बंधूंनी इथे लक्ष द्यावे. सायनाइड नसलेले जस्ताचे धुवण याच रीतीने साफ होते, पिवळ्या क्रोमचे नाही. क्रोमला प्रथम आम्लात सोडियम बायसल्फाइटने हिरवे करावे, मग चुना. नुसता चुना टाकल्यास पाणी निवळलेले दिसते, विष मात्र त्यातच राहते. आणि सायनाइडचे पाणी या टाकीत कधीच ओतू नये. आम्ल लागताच जीवघेणा वायू सुटतो.