मुलाला सरळ विचारा

सेमिस्टरचे निकाल लागले की डोकेदुखी, ॲसिडिटी, झोप न येणं अशा तक्रारी घेऊन कॉलेजची मुलं येऊ लागतात. पालक मला बाजूला घेऊन सांगतात, ‘डॉक्टर, मरणाबिरणाचं काही विचारू नका हं, नको ते डोक्यात येईल.’ हा समज सोडा. विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात येत नाही. आधीच आलेला असेल तर तो बोलून दाखवायला वाट मिळते.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, तीन विषयांत नापास, म्हणजे केटी. ‘टेन्शन घेतो, टॉनिक द्या,’ आई म्हणाली. तिला बाहेर बसवून मी विचारलं, ‘जगणं नको, असं वाटतं का रे?’ बराच वेळ तो मोबाइलचं कव्हर काढत-घालत राहिला. मग म्हणाला, ‘बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय. मी नसलो तर ते तरी सुटतील.’

त्याला हे गणित अगदी बरोबर वाटत होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यातल्या अशाच चुकीच्या विचारांवर उपचारपद्धती उभी केली. केटी लागली म्हणजे आयुष्य संपलं, मित्राने मेसेज पाहून उत्तर दिलं नाही म्हणजे मी कुणालाच नको. अशा मुलाला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणून काय होणार? समुपदेशक त्याच्याबरोबर एकेक विचार कागदावर मांडून तपासतो. या मुलाच्या संमतीने वडिलांना बोलावलं. ‘हप्त्यांचं मी बघतो, तू आधी नीट जेव,’ एवढंच ते म्हणाले. उपचारांनी मुलगा सावरला. बरीच मुलं सावरतात, वेळेवर आणली तर.

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक महाराष्ट्रात.

‘मी ओझं आहे’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, मेसचं जेवण आणि मित्र दोन्ही तोडणं, निरोपासारखे मेसेज, खूप दिवसांच्या उदासीनंतर अचानक शांत होणं, यातलं काही दिसलं तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. रील पाहून आणलेली चूर्णं, ताईत, शेजाऱ्यांच्या झोपेच्या गोळ्या बंद! नैराश्याच्या औषधांनी पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आणि मनाने थांबवायची नाहीत.

सरळ विचारल्यावर मूल ‘हो’ म्हणालं तर रागावू नका, त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. मुलांनो, तो तुम्ही स्वतःही फिरवू शकता.