आयातशुल्क ठरवतं कोण? संसद की सरकार?

बजेटच्या दिवशी ‘अमुक वस्तूवरची कस्टम्स ड्युटी वाढली’ असं आपण ऐकतो. पण वर्षाच्या मधेच, शनिवारी रात्री दर बदलला तर? तो कुणी बदलला आणि तसा अधिकार त्याला कुणी दिला?

सुरुवात संविधानापासून करू. कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. म्हणजे मूळ अधिकार संसदेचा. संसदेने १९७५ साली कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट केला आणि त्याच्या अनुसूचीत वस्तूंनुसार शुल्काचे दर दिले.

पण बाजार काही अधिवेशनासाठी थांबत नाही. म्हणून संसदेनेच काही अधिकार सरकारकडे सोपवले. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली सरकार जनहितासाठी शुल्कात सूट देऊ शकतं. टॅरिफ अ‍ॅक्टच्या कलम ८अ खाली तातडीच्या वेळी आयातशुल्क वाढवूही शकतं. मात्र ती वाढ नंतर संसदेपुढे मंजुरीसाठी ठेवावी लागते.

आता एक खरी केस बघूया. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला. १६ तारखेला सरकारने ८अ वापरून पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं. म्हणजे एक लाखाच्या मालावर दोन लाख! ही अधिसूचना ई-राजपत्रात आली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, पण त्याआधी, काही आयातदारांचा माल अटारीला पोचला होता आणि त्यांची ‘बिल ऑफ एंट्री’ही दाखल झाली होती. तरी त्यांच्याकडे २०० टक्के मागितले गेले.

सरकारचं म्हणणं असं, की कायद्याप्रमाणे बिल दाखल केल्याच्या तारखेचा दर लागतो आणि तारीख म्हणजे अख्खा दिवस. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये सरकारचं अपील फेटाळलं. राजपत्र आता ऑनलाइन निघतं, त्यावर नेमकी वेळ असते. म्हणून नवा दर त्या वेळेपासूनच लागू. मागच्या वेळेपासून शुल्क वाढवण्याचा अधिकार ८अ ने दिलेलाच नाही.

आपण साहित्याची मुलं, ‘तारीख’ या एका शब्दावर एवढं अडलं याची गंमत आपल्याला जास्त कळेल. पण मुद्दा गमतीचा नाही. २०० टक्के हा आकडा कोर्टाने रद्द केला नाही. फक्त त्याची सुरुवात कुठून, ते ठरवलं. सरकारचा हा अधिकार संसदेकडून उसना घेतलेला आहे आणि कायद्याचे शब्द जिथे संपतात तिथे तोही संपतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘ड्युटी वाढली’ असं वाचलंत की तीन प्रश्न विचारा: कोणत्या कलमाखाली? कधीपासून? आणि संसदेपुढे ती कधी येणार?